हॉकनीचं पेन्सिलीतलं आत्मचित्र आणि त्याभोवतीचे मोकळे दिवस

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. डेव्हिड हॉकनीनं १९९९ साली पेन्सिलीत काढलेलं स्वतःचं चित्र तुम्ही एका पुस्तकात पाहिलंत. निळे तरणतलाव आणि भडक रंगांचे शर्ट यांच्यासाठी ओळखला जाणारा हा चित्रकार कायद्याची भीती असतानाही आपण समलिंगी असल्याचं चित्रांतून उघड सांगत होता. तुम्हाला दिसला तो मात्र चष्मा लावून समोर रोखून बघणारा, साठी ओलांडलेला एक गृहस्थ. मग लंडन आणि लॉस एंजेलिसमधले ते मोकळे दिवस या चित्रात कुठे आहेत? अशा रेखाटनाकडे बघायचं कसं? आणि स्वतः करून बघायचं तर सुरुवात कुठून करायची?

मी वर्षानुवर्षं रेखाटन शिकवतो आणि हॉकनीच्या रेषेवर माझा मनापासून जीव आहे. म्हणून उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की ते दिवस या चित्रात नाहीत. हॉकनीनं ते ठेवले मित्रांच्या चित्रांत. सीलिया बर्टवेल, ऑसी क्लार्क, पीटर श्लेसिंजर, हेन्री गेल्डझालर, ग्रेगरी इव्हान्स यांचे चेहरे, कपडे, त्यांचं पलंगावर लोळणं, खुर्चीत रेलणं, दुपारची झोप, सगळं त्या कागदांवर आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत, म्हणजे त्याच्याभोवती सर्वांत जास्त गजबज होती तेव्हा, आरशासमोर बसून त्यानं स्वतःला फार कमी वेळा काढलं. आरशाकडे तो वळला तो मुख्यतः त्याच्या आधी आणि नंतर. माझ्या मते हे समजलं की १९९९चं चित्र उलगडू लागतं.

आधीपासून सांगतो. हॉकनीचा जन्म १९३७चा, यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डचा. सोळाव्या वर्षी तो तिथल्या आर्ट स्कूलमध्ये गेला आणि चार वर्षं मुख्यतः समोरचं बघून काढणं, एवढंच त्यानं केलं. मॉडेलला पैसे द्यावे लागतात, आरसा फुकट असतो, म्हणून त्या वयातला प्रत्येक विद्यार्थी स्वतःला काढतो. १९५४च्या त्याच्या एका शिळाछापात, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेल्या चित्रात, तो खुर्चीत ताठ बसलाय. भांडं उपडं ठेवून कापल्यासारखे केस, गोल चष्मा, टाय, पट्ट्यापट्ट्यांची पँट. फोटो काढायला नेलेल्या शाळकरी पोरासारखा, पण कपड्यांच्या बाबतीत ठाम. पुढचा सगळा हॉकनी त्या पँटमध्ये आहे असं मला नेहमी वाटतं.

त्याच १९५४ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड माँटेग्यू आणि त्यांच्या दोन साथीदारांना समलिंगी संबंधांच्या खटल्यात तुरुंगवास झाला. गणितज्ञ ॲलन ट्युरिंगला आधीच शिक्षा झाली होती, त्याचा मृत्यूही त्याच वर्षीचा. ब्रॅडफर्डमधल्या सतरा वर्षांच्या मुलाला वर्तमानपत्रातून आपल्या भविष्याबद्दल जे कळत होतं ते हे. १९५७मध्ये वुल्फेंडन समितीनं कायदा सैल करण्याची शिफारस केली, पण ती अमलात यायला दहा वर्षं गेली.

लष्करी सेवेला नकार दिल्यामुळे दोन वर्षं रुग्णालयांत काम करून १९५९मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे पहिल्यांदा त्यानं काय काढलं, तर माणसाचा सांगाडा. दिवसच्या दिवस बसून, हाडन् हाड बघून. बरोबर शिकणाऱ्या आर. बी. किटायनं त्यातलं एक चित्र पाच पौंडांना विकत घेतलं. तुला ज्या गोष्टींत खरा रस आहे त्या चित्रात आण, हा सल्लाही किटायचाच. हॉकनीला कशात रस होता? अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या कवितांत, आणि तरुण पुरुषांत.

१९६०च्या ‘ॲडहेसिव्हनेस’ या चित्रात दोन ओबडधोबड आकार एकमेकांना भिडलेत. एकावर लिहिलंय ४.८ आणि दुसऱ्यावर २३.२३. इंग्रजी मुळाक्षरं मोजली की चौथं डी, आठवं एच, म्हणजे डेव्हिड हॉकनी. तेविसावं डब्ल्यू, तेही दोनदा, म्हणजे वॉल्ट व्हिटमन. ही अंकांची युक्तीही व्हिटमनचीच. प्रौढ हॉकनीनं गे माणूस म्हणून स्वतःला पहिल्यांदा काढलं ते असं, चेहरा नसलेल्या एका आकड्याच्या रूपात. ज्याला कळायचं त्याला कळेल आणि पोलिसाला कळणार नाही. कलावंतांच्या मोकळ्या जगाबद्दल बोलताना आपण पार्ट्या, कपडे आणि दारू आठवतो, पण त्या मोकळेपणाच्या बुडाशी ही सांकेतिक भाषा होती. चार भिंतींच्या आत सगळं चालत होतं, बाहेर तुरुंग होता. हे लक्षात न घेता त्या काळाकडे नुसतं हेव्यानं बघणं मला पटत नाही.

१९६१मध्ये तो पहिल्यांदा न्यूयॉर्कला गेला. टीव्हीवरची केसांच्या रंगाची जाहिरात बघून त्यानं केस पिवळेधमक करून घेतले, ते पुढे कितीतरी वर्षं तसेच राहिले. या सहलीतून ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही सोळा एचिंग्जची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरून छापलेल्या चित्रांची, मालिका आली. अठराव्या शतकातल्या हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या, शहरात येऊन वाया गेलेल्या तरुणाच्या चित्रमालिकेचा सांगाडा घेऊन त्यात त्यानं स्वतःला बसवलं. चष्मेवाला, हडकुळा, शहरात आलेला पोरगा. केस रंगवल्यावर एका सोनेरी केसांच्या माणसासाठी दार उघडतं, असंही एक दृश्य त्यात आहे. १९६३मध्ये ही मालिका प्रकाशित झाली, त्याला पाच हजार पौंड मिळाले आणि त्या बळावर १९६४च्या जानेवारीत तो लॉस एंजेलिसला पोचला. आता तो आकडा राहिला नव्हता, गोष्टीतलं पात्र झाला होता. पण पात्र म्हणजे वेशभूषा आली. केस, चष्मा, सोनेरी जॅकेट. लोकांनी कसं बघावं हे तो स्वतःच ठरवून देत होता.

लंडनमध्ये त्याचा मुक्काम नॉटिंग हिलमधल्या पॉविस टेरेसला. आज त्या भागात घर घेणं श्रीमंतांनाच परवडतं. तेव्हा तिथे पडक्या इमारती, कुख्यात घरमालक आणि कॅरिबियनमधून आलेल्या लोकांची दाटीवाटी होती. भाडं कमी होतं म्हणून चित्रकार तिथे राहू शकले. कलावंतांच्या वस्त्या बहुतेक ठिकाणी अशाच तयार होतात, आधी स्वस्त खोली, मग माणसं, मग त्यांच्याबद्दलच्या कहाण्या. सीलिया कापडाची नक्षी काढायची, ऑसी त्याचे कपडे शिवायचा, आणि हॉकनी दोघांना काढायचा. तिथल्या जेवणावळी, प्रेमप्रकरणं, भांडणं यांवर खूप लिहिलं गेलंय. त्यात मी जात नाही.

चित्रांच्या दृष्टीनं माझ्यासाठी महत्त्वाची आहेत ती कवाफीची एचिंग्ज. ग्रीक कवी कवाफीच्या कवितांसाठी हॉकनी १९६६च्या जानेवारीत बैरूतला जाऊन आला, पण पलंगावरचे तरुण पुरुष त्यानं काढले ते लंडनमधल्या मित्रांवरून. दोन पुरुष एका चादरीत, नुसत्या बारीक रेषेत. शेडिंग नाही, नाट्य नाही, लपवणंही नाही. पुस्तक १९६७मध्ये आलं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये एकवीस वर्षांवरच्या दोन पुरुषांचे खासगीतले संबंध गुन्हा राहिले नाहीत. चित्रं कायद्याच्या आधीच तयार होती. त्या रेषेत जी शांतता आहे तिला मी धैर्य म्हणतो.

याच काळात तो शाईच्या बारीक पेननं, रॅपिडोग्राफनं, मित्रांची रेखाटनं करायचा. या पेनची रेषा सगळीकडे एकाच जाडीची. दाबून गडद होत नाही, खोडता येत नाही. एक खांदा चुकला की कागद फुकट. असं चित्र काढताना बोलता येत नाही, मध्येच उठता येत नाही. ही शिस्त अंगात मुरलेला माणूस पुढे पेन्सिल हातात घेतो तेव्हा खोडरबराची सोय असूनही त्याची रेषा डळमळत नाही. १९९९च्या कागदावर तुम्हाला जो नेमकेपणा जाणवला तो इथून आलाय.

मध्ये एकदा त्यानं स्वतःला सपशेल उघडं केलं. पिकासो १९७३च्या एप्रिलमध्ये गेला. त्यानंतर हॉकनी पॅरिसमध्ये पिकासोची एचिंग्ज छापणाऱ्या आल्डो क्रोमलिंककडून एचिंगचं तंत्र शिकला. तिथल्या ‘आर्टिस्ट अँड मॉडेल’ या एचिंगमध्ये टेबलाच्या एका बाजूला पिकासो बसलाय आणि दुसऱ्या बाजूला हॉकनी, पूर्ण नागडा. त्या दोघांची भेट कधी झाली नव्हती. शेकडो वर्षं चित्रकार कपड्यांत आणि स्त्री-मॉडेल नग्न, अशी बसवणूक चालत आली. इथे गे चित्रकार स्वतः मॉडेलच्या जागी जाऊन बसतो. मला हे त्याचं सर्वांत धीट आत्मचित्र वाटतं. तरीही ती रचलेली गोष्ट आहे, आरशात दिसलेला माणूस नाही.

आरसा परत आला १९८३मध्ये. त्या शरदात त्यानं जवळजवळ रोज कोळशानं स्वतःचा चेहरा काढला आणि प्रत्येक कागदावर तारीख घातली. कधी डोळ्यांखाली काळोख, कधी तोंड अर्धवट उघडं, कधी नुसतं कपाळ आणि चष्मा. वय शेहेचाळीस. काही वर्षांपूर्वीपासून त्याला ऐकू कमी येऊ लागलं होतं. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातले ओळखीचे तरुण एड्सनं मरू लागले होते, आणि या रोगाबद्दल अजून कुणालाच धड काही ठाऊक नव्हतं. ज्या जगाला आपण ते मोकळे दिवस म्हणतो ते डोळ्यांदेखत रिकामं होत होतं. मी त्या कोळशाच्या चित्रांना एड्सची चित्रं म्हणणार नाही, तसं म्हटलं तर ती लहान होतात. पण वर्षानुवर्षं मित्रांकडे बघणारा माणूस नेमका त्याच सुमारास रोज आरशाकडे वळतो, हे बघताना माझा घसा दाटतो.

आता तुमचं चित्र. १९९९च्या सुरुवातीला लंडनच्या नॅशनल गॅलरीत अँग्र या जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. लहान कागदावर, टोकदार पेन्सिलीनं, इतक्या खात्रीची रेषा कशी आली, या प्रश्नानं हॉकनीला पछाडलं. अँग्रनं कॅमेरा ल्युसिडा वापरला असावा असा तर्क करून त्यानं स्वतःच तो वापरायला घेतला. हे यंत्र म्हणजे दांडीवर बसवलेला एक छोटा काचेचा लोलक, प्रिझम. त्यातून बघितलं की समोरचा माणूस आणि कागद एकावर एक दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम हाइड वुलस्टननं त्याचं पेटंट घेतलं होतं. लोकांचा गैरसमज असा की यंत्र लावलं की चित्र आपोआप येतं. प्रत्यक्षात त्यातून डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांची टोकं अशा मोजक्या खुणाच झटपट करता येतात. समोरचा जरा हलला की जुळणी गेली. पुढचा सगळा वेळ नुसत्या नजरेनं आणि हातानंच काम करावं लागतं. त्या वर्षभर त्यानं मित्रांची अशी चित्रं काढली. नंतर नॅशनल गॅलरीच्या बारा पहारेकऱ्यांनाही गणवेशात बसवून काढलं, ती मालिका मला फार प्रिय आहे.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याची आई, लॉरा, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन गेली. आईला त्यानं आयुष्यभर काढलं होतं. जूनमध्ये तो जर्मनीतल्या बाडेन-बाडेन या गरम झऱ्यांच्या गावी होता, आणि तिथे त्यानं करड्या कागदावर पेन्सिलीत स्वतःला काढलं. हेन्री गेल्डझालर १९९४मध्ये गेला होता, ऑसी क्लार्कचा १९९६मध्ये खून झाला होता. ज्यांच्याकडे बघून तो चित्रकार झाला त्यांतली कितीतरी माणसं आता समोर बसायला नव्हती. त्यामुळे ‘ते दिवस कुठे आहेत’ या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की त्या दिवसांतून वाचलेला माणूस या कागदावर आहे. रंग नाही, शर्ट नाही, पिवळे केस नाहीत. हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ते म्हणजे बघणं, आणि ती सवय ब्रॅडफर्डच्या त्या पोरापासून तुटलेली नाही.

त्या चेहऱ्यावरच्या आठ्यांना दुःख समजायची घाई मात्र करू नका. आत्मचित्रातला माणूस नेहमी थोडा रागावल्यासारखा दिसतो, कारण तो काम करत असतो. आरशात एक कड बघायची, ती लक्षात ठेवायची, नजर कागदावर आणायची, पुन्हा वर. भुवया आपोआप जवळ येतात, ओठ मिटतात. मॉडेल म्हणून बसलेला माणूस इतका वेळ असं रोखून बघू शकत नाही. शिवाय आरशात डावं-उजवं उलटं असतं. उजव्या हाताचा चित्रकार चित्रात डावखुरा दिसतो आणि काढणारा हात सतत हलत असल्यानं बहुतेक जण तो गाळतात किंवा चौकटीबाहेर ठेवतात. म्हणून पेन्सिलीतल्या आत्मचित्रांत इतकी डोकी आणि खांदेच दिसतात. त्यामागे काही गूढ अर्थ शोधायची गरज नाही.

बघताना चष्म्यापाशी थांबा. काचेतून दिसणारी गालाची कड बाहेरच्या कडेशी जुळत नाही. लांबचं न दिसणाऱ्याच्या काचेत ती आत सरकते, वाचायच्या चष्म्यात बाहेर. जो चित्रकार खरंच बघतोय त्याच्या रेषेत तिथे एक तुटका टप्पा दिसतो, जो आठवणीनं काढतोय त्याची रेषा सरळ जाते. मग रेषेचा दाब बघा. वरच्या पापणीवर ती गडद असेल, खालच्या पापणीवर जेमतेम टेकलेली, जबड्याच्या उजेडातल्या बाजूला नाहीशीच झालेली. करड्या कागदावर मधली छटा कागदच देतो, त्यामुळे छायेसाठी पेन्सिल आणि उजेडासाठी पांढरी काडी एवढं पुरतं. छापील पुस्तकात यातलं बरंच हरवतं. ग्रॅफाइटची चकाकी, बोटानं पुसलेला डाग, आधीच्या चुकलेल्या रेषेचा कागदात उमटलेला चर, हे सगळं मूळ कागद तिरक्या उजेडात धरला तरच दिसतं.

आपल्याकडचा एक खरा धागा सांगतो. भूपेन खक्कर १९३४मध्ये मुंबईत जन्मले, चार्टर्ड अकाउंटंट झाले आणि १९६२मध्ये बडोद्याला गेले. १९७९मध्ये ते इंग्लंडमध्ये होते. चित्रकार हॉवर्ड हॉजकिन त्यांचे मित्र. गे माणसं तिथे उघडपणे राहताना त्यांनी पाहिली आणि हॉकनीची चित्रं त्यांना ठाऊक होती. १९८०मध्ये आई गेल्यावर त्यांनी स्वतःबद्दल चित्रांतून बोलायला सुरुवात केली. १९८१च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’मध्ये सज्जात पाठमोरा उभा असलेला नागडा पुरुष ते स्वतः आहेत, आणि समोर गाढव नेणाऱ्या बाप-लेकाची गोष्ट चाललीय. ते चित्र आता लंडनच्या टेटकडे आहे. हॉकनीला तिशीत कायद्याचं संरक्षण मिळालं. खक्कर २००३मध्ये गेले आणि आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमाचा भाग सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८मध्ये रद्द ठरवला. त्यांच्या हयातीत ते झालं नाही, याची खंत मला आजही आहे.

आता करून बघण्याविषयी. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या आपल्या मुलांचा हात आधी शेडिंगकडे धावतो. गोल दिसायला हवं म्हणून गाल काळा केला जातो आणि खालची रेषा कच्चीच राहते. तुम्ही ते टाळा. एचबी आणि २बी या दोन पेन्सिली घ्या, टोक चाकूनं लांब काढा. आरसा डोळ्यांच्या उंचीवर, हाताच्या अंतरावर ठेवा आणि उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. पाटी उभी धरा. मांडीवर आडवी ठेवलीत तर मान खालीवर होईल आणि प्रत्येक वेळी वेगळाच चेहरा दिसेल. सुरुवात डोळ्यांपासून करा. दोन्ही डोळ्यांचे चारही कोपरे, नाकाचा तळ, ओठांची टोकं यांच्या फिकट खुणा आधी करा. कॅमेरा ल्युसिडावाले नेमक्या याच खुणा करतात, पण या खुणांसाठी यंत्र लागतंच असं नाही. मग वरच्या पापणीची एकच रेषा, सावकाश, कागदापेक्षा आरशाकडे जास्त वेळ बघत. केस सर्वांत शेवटी. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. चुकलेली रेषा तशीच राहू द्या आणि तिच्या शेजारी बरोबर रेषा काढा, दोन्हींमधलं अंतर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त शिकवेल. फोटोवरून काढू नका, मोबाइलच्या जवळच्या भिंगात नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात.

पहिल्या काही चित्रांत चेहरा अनोळखी वाटतो, बहुतेकांना भावाचा किंवा मामाचा दिसतो. तरी कागद फाडू नका. खाली तारीख घाला आणि ठेवून द्या. दहाएक झाले की पाठवा, त्यातल्या रेषांवर पुन्हा सविस्तर बोलू.